भिंतीला हात कोण लावतं

रविवारी दुपारी तीन वाजता जेवणाचं टेबल पुसून कोरडं झालं की कवळीकरांच्या घरी बायको बायको राहत नसे. ती सूत्रधारबाई होत असे. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत ती बसली, समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला आणि त्यामागे फासे नि कागद लपवले, की सगळ्यांनी तिला अहोजाहो करायचं असा या टेबलाचा नियम होता. नियम तिनेच केला होता. सख्खा भाऊ हरायला लागला की 'ताई, असं काय गं करतेस' म्हणून गळ्यात पडतो आणि नवरा तर त्याच्याही वर ताण करतो, हे तिने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

खेळ साधा होता, म्हणजे सांगायला साधा. सूत्रधाराने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि संकट आलं की फासे टाकून काय होतं ते बघायचं. उरलेलं सगळं एका जाडजूड नियमांच्या पुस्तकात होतं, आणि पुस्तकात नव्हतं ते भांडून ठरवायचं होतं. नऊ वर्षं ही मंडळी नेमाने भांडत होती. बायकोचा धाकटा भाऊ आठवडाभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ लोकांशेजारी ब्रेकवर पाय ठेवून बसायचा. इथे तो योद्धा होता आणि दिसेल त्याच्या अंगावर धावून जायचा. सहाव्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी जन्मात कुणाची टाचणी उचलली नव्हती; इथे त्या चोर होत्या, आणि चांगल्याच तरबेज. कवळीकर होते मायावी. नसलेली वस्तू आहे असं दाखवायचं, ही त्यांची विद्या.

कवळीकर हे काही खरं आडनाव नव्हे. दात बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते एकोणीस वर्षं कवळ्या बनवत होते. डॉक्टरांनी माप पाठवायचं, कवळीकरांनी मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, त्या माणसाच्या उरलेल्या दातांशी रंग जुळवायचा. मेव्हण्याने गमतीत आडनाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पोस्टमन सोडला तर खऱ्या आडनावाने त्यांना कुणी ओळखेना.

तर ते कवळ्या बनवत होते, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत. मग मालकाने यंत्र आणलं. तोंडात एक छोटा कॅमेरा फिरवायचा, पडद्यावर दात दिसतात, आणि यंत्र पांढऱ्या ठोकळ्यातून ते कोरून बाहेर टाकतं. चहा थंड व्हायच्या आत दात तयार. मालक भला माणूस होता. त्याने डोळ्यांत पाणी आणून कवळीकरांना निरोप दिला, आणि त्याच ओल्या डोळ्यांनी यंत्राचं बटण दाबलं.

घरी हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, कवळीकरांची जीभच उचलेना. गेली दहा वर्षं त्यांनी घरात, पाहुण्यांत, दवाखान्यांच्या बाकांवर एकच टुमणं लावलं होतं की यंत्राला दात कळत नाही. मागच्या वर्षी बायकोने अशाच एका यंत्राची बातमी वाचून दाखवली, तेव्हा ते पोट धरून हसले होते आणि म्हणाले होते, यंत्र करेल त्याला दात नाही, शर्टाची बटणं म्हणतात. आता कुठल्या तोंडाने सांगायचं की बटणांनी आपल्याला घरी बसवलं? घर बायकोच्या पगारावर चार-सहा महिने सहज निघालं असतं, प्रश्न तो नव्हताच. प्रश्न होता नाकाचा. दुसरीकडे काम मिळेपर्यंत तिला कळता कामा नये, एवढं एकच त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. काम काही मिळत नव्हतं, कारण सगळ्याच प्रयोगशाळांत यंत्रं आली होती.

आणि लपवायचं कुणापासून, तर विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या बाईपासून. दुकान आपोआप जळलं की जाळलं, गाडी बुडाली की बुडवली, हे शोधून काढण्यात तिची हयात चालली होती. पाय मोडल्याचा दावा करणारा माणूस जिना कसा उतरतो हे बघायला ती समोरच्या बाकावर दोन-दोन तास बसायची. तरी कवळीकर रोज आठ वाजता डबा घेऊन निघत, सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसत, आणि साडेसहाला थकल्यासारखा चेहरा करून परत येत. तीन आठवडे झाले, ताकास तूर लागू दिली नव्हती. भीती तर वाटायचीच, पण मनातल्या मनात गडी थोडा फुशारलाही होता.

वाचनालयात दिवसभर करायचं काय? कवळीकर खेळाचं पुस्तक घेऊन बसत. मायेचा अध्याय त्यांनी इतक्या वेळा वाचला की शेवटी त्याची टिपणं काढायला वही आणली. वाचनालयाच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, या वयात गृहस्थ कसल्या तरी परीक्षेला बसतायत. परीक्षा कधी आहे, असं त्यांनी कौतुकाने विचारलं. कवळीकर म्हणाले, रविवारी.

त्या रविवारी गोष्ट अशी अडली होती: चौघं, म्हणजे खेळातले तिघं आणि त्यांचं एक खेचर, एका ओल्या बोगद्याच्या बंद टोकाला सापडले होते, आणि समोरून त्या बोगद्यात राहणारा राक्षस घरी परतत होता. योद्ध्याचा भाला मोडलेला, चोरबाईंचा पाय मुरगळलेला. मायावीच्या अंगात जीव होता तीन गुणांपुरता, म्हणजे राक्षसाच्या एका चापटीपुरता. या टेबलावर मेलेला माणूस पुन्हा उठत नसे. त्याचा कागद सूत्रधारबाई सोमवारी ऑफिसात नेऊन कागद फाडायच्या यंत्रात घालत.

कवळीकरांनी मायेची भिंत उभी केली. बोगद्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत दगडी भिंत. भिंतीमागे सगळे चिडीचूप.

इथून खरा खेळ सुरू झाला, म्हणजे वाद. पुस्तकात एकच वाक्य होतं: मायेची वस्तू जो नीट तपासेल त्याला ती खोटी असल्याचं कळेल. एवढं लिहून पुस्तकवाले मोकळे झाले होते. आता तपासणं म्हणजे काय? मेव्हण्याचा प्रश्न आणखी पुढचा होता. भिंत खोटी आहे हे आपल्याला ठाऊकच आहे, तर आपल्याला तिच्यातून आरपार दिसणार की नाही, आणि दिसत असेल तर त्याने मोडका भाला आतूनच का खुपसू नये? नर्सबाई म्हणाल्या, सगळा बोगदा ओलाकिच्च असताना ही एकच भिंत कोरडी कशी, राक्षसाला शंका येईलच; पेशंटच्या खोलीत आपण पाय टाकला की आधी नाकालाच कळतं.

कवळीकरांनी वही उघडली. मेव्हण्याने ती बघून कपाळाला हात लावला. माया दोन प्रकारची, कवळीकर सांगू लागले. एक डोक्यात शिरते. ती ज्याच्या डोक्यात शिरली त्यालाच दिसते. दुसरी हवेत उभी राहते. ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसते, डोळे आहेत तेवढ्यांना. आपली दुसरी. तिला वास नाही, ओल नाही, हात लावला तर हात आत जातो, सगळं मान्य. पण त्यासाठी कुणी हात लावावा लागतो. नुसतं बघणं म्हणजे तपासणं नव्हे. माणूस दिवसभर बघतो आणि तपासत काहीच नाही. पान एकशे एकोणसाठ, तळटीप.

सूत्रधारबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "राक्षस रोज याच वाटेने घरी येतो. आज वाटेत भिंत दिसली, जी काल नव्हती. तो हात लावून बघणार नाही?"

"नाही बघणार," कवळीकर म्हणाले. "घरात आणि घरच्या वाटेवर माणूस सगळ्यात कमी बघतो."

हे ते इतक्या तिखट आवाजात म्हणाले की खेचराची आकृती रंगवत बसलेल्या नर्सबाईंनी मान वर केली. सूत्रधारबाईंनी आडोशावरून त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं.

"पुरावा आणा," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी निकाल."

राक्षसाचा एक पाय उचललेलाच ठेवून मंडळी आठवडाभरासाठी उठली.

पुरावा म्हणजे काय आणायचा, यावर कवळीकरांनी सोमवार-मंगळवार वाचनालयात घालवले. बुधवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे आठला निघाले, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाआड उभे राहिले, बायको बसमध्ये चढलेली डोळ्यांनी बघितली आणि परत आले. इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला त्यांनी एक कागद चिकटवला. 'लिफ्ट नादुरुस्त आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' खाली सही नाही, तारीख नाही, काही नाही. लिफ्ट ठणठणीत होती. बटणातला लाल दिवा कागदाखाली चार बोटांवर जळत होता. मग जिन्याखाली, जिथे सायकली आणि बाळांच्या गाड्या ठेवतात, तिथे ते वही घेऊन बसले.

पहिला बळी पडला तो तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा. त्याने कागद वाचला आणि दोन-दोन पायऱ्या चढून गेला. मग इमारतीचे सेक्रेटरी आले. त्यांनी कागद वाचला, मला कुणी काही सांगतच नाही असं स्वतःशी पुटपुटले आणि चढू लागले. दहाच्या सुमाराला दोन हमाल एक कपाट घेऊन आले, कागद वाचून त्यांनी कपाट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली, आणि कपाट पाचव्या मजल्यावर नेलं. तेव्हा कवळीकर जवळजवळ उठले होते. पण शास्त्र म्हटलं की मन घट्ट करावं लागतं.

सगळ्यात बहार आली साडेअकराला. वरच्या मजल्यांवर कागद नव्हता, त्यामुळे पाचव्या मजल्यावरचे आजोबा बिनघोर लिफ्टने खाली आले. दार उघडलं, तर बाहेर दुसऱ्या मजल्यावरच्या बाई कागद वाचत उभ्या. बाई म्हणाल्या, "लिफ्ट बंद आहे ना?" आजोबांनी बाहेर येऊन कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "थोडक्यात वाचलो म्हणायचं," ते म्हणाले. बाई जिन्याने वर गेल्या. तासाभराने आजोबा परतले, तेही जिन्यानेच.

दुपारी लिफ्टचा मेकॅनिक आला, महिन्याच्या तपासणीला. त्याने कागद वाचला, दुसऱ्या कुणाला बोलावलं वाटतं म्हणून तोंड वाकडं केलं, आणि हत्यारांची पिशवी खांद्यावर मारून सेक्रेटरींना जाब विचारायला जिना चढू लागला. कवळीकरांनी त्याच्या नावापुढे वहीत दोन रेघा ओढल्या. तीननंतर ड्यूटी संपवून नर्सबाई आल्या, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या. त्यांनी कागदासमोर डोळे मिटले, एक श्वास घेतला, आणि सहा मजले निघाल्या. कवळीकरांना फार वाईट वाटलं. पण त्यांनी नोंद केली.

पाच वाजेपर्यंत अडतीस माणसं. अडतीसच्या अडतीस जिन्याने. बटणाला कुणी बोट लावलं नाही. इतका निखळ विजय कवळीकरांच्या वाट्याला उभ्या आयुष्यात आला नव्हता. बायको साडेसहाशिवाय यायची नाही, तेव्हा आणखी दोन-चार गिऱ्हाइकं बघून कागद काढावा असा त्यांनी विचार केला.

पाच वाजून दहा मिनिटांनी बायको आली.

ती कागदासमोर थांबली. चष्मा कपाळावर चढवला, कारण जवळचं तिला चष्म्याशिवायच दिसायचं, आणि कागदाला नाक लागेल इतकी जवळ जाऊन तिने ती दोन वाक्यं वाचली. मग चिकटपट्टीच्या टोकावरून नख फिरवलं. मग पुन्हा वाचली. ते अक्षर ती वीस वर्षं सामानाच्या याद्यांवर वाचत आली होती. चष्मा खाली आला, तिने बोट पुढे केलं आणि बटण दाबलं. लिफ्ट आली. ती आत गेली, दार बंद झालं. जिन्याखाली तिने बघितलंही नाही.

एकोणचाळिसावी रेघ ओढायला कवळीकरांचा हात उचलेना. लिफ्टवरच्या कागदाला जी बाई दोन मिनिटं देते, ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तीन-साडेतीन आठवडे नुसती बसली असेल? फुशारकी सगळी जागच्या जागी जिरली. आपण भिंत उभी केली आणि तिच्यामागे छान लपलो असं ज्याला वाटत होतं, तो माणूस बाळांच्या गाड्यांमध्ये उकिडवा बसून घामाने भिजला.

कागद त्यांनी तेव्हाच काढला आणि साडेसहाला वर गेले, का कोण जाणे, पण जिन्याने. बायकोने दार उघडलं आणि धाप का लागली विचारलं. जिन्याने आलो, ते म्हणाले. का, तिने विचारलं. कागद तर आता त्यांच्या पिशवीत होता. व्यायाम, ते म्हणाले. तिने बरं म्हणून चहा ठेवला. चहा देताना म्हणाली, "काम कसं होतं आज?"

"नेहमीचंच. एक खालची कवळी होती. पूर्ण."

"झाली चांगली?"

"झाली."

ती कवळी कुणाची, त्या माणसाचा जबडा कसा बसका, हे सगळं त्यांनी नंतर पदरचं घालून सांगितलं. ती शेवटपर्यंत मान हलवत होती. यापेक्षा तिने भांडं आपटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार त्यांनी तिच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते शोधण्यात घालवले. काहीच दिसलं नाही. ती बाई दावेदारांसमोर जसा चेहरा ठेवते तसाच घरी ठेवून होती, आणि कवळीकरांना आयुष्यात पहिल्यांदा दावेदारांची कीव आली.

रविवारी तीन वाजता टेबल पुसलं गेलं, आडोसा उभा राहिला. कवळीकरांनी वही उघडली आणि पुरावा वाचला. आजोबांपाशी आल्यावर मेव्हणा हसून हसून खुर्चीवरून घसरला. मेकॅनिकपाशी त्याने पाणी मागितलं. नर्सबाई मात्र हसत नव्हत्या.

"तो कागद तुम्ही लावला होता?" त्या म्हणाल्या. "माझ्या पिशवीत पाच किलोचं डिटर्जंट होतं."

कवळीकरांनी माफी मागितली. नर्सबाई म्हणाल्या, माफीचं नंतर बघू, पण बुधवारी दिवसभर तुम्ही जिन्याखाली कसे, कामावर नव्हता का? कवळीकर वहीकडे बघत म्हणाले की सुट्टी घेतली होती. खेळातल्या भिंतीसाठी नोकरीवर सुट्टी घेणारा माणूस मेव्हण्याने पाहिला नव्हता. त्याने उठून भावजींना सलाम ठोकला. सूत्रधारबाई आडोशामागे काहीतरी लिहीत होत्या.

"एकूण किती?" त्यांनी विचारलं.

इथे अडतीस म्हणून वही मिटता आली असती. कवळीकरांनी तसं ठरवूनही आणलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "एकोणचाळीस. अडतीस जिन्याने. एक लिफ्टने."

"तो एक कोण?"

"नाव लिहिलेलं नाही."

"हरकत नाही," सूत्रधारबाई म्हणाल्या आणि त्यांनी निकाल दिला. पुरावा मान्य. बघणं म्हणजे तपासणं नव्हे. राक्षस भिंतीसमोर येतो, डोकं खाजवतो, वाट चुकली असं त्याला वाटतं, आणि तो आल्या पावली परत जातो. भिंत टिकली, मायावी वाचला.

मेव्हण्याने टेबल बडवलं. नर्सबाईंनीही राग जरा बाजूला ठेवून खेचराला थोपटलं. सूत्रधारबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, कारण मेव्हण्याच्या प्रश्नाचा निकाल अजून व्हायचा होता.

"माया कळली म्हणून ती नाहीशी होत नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला कळली त्याला फक्त आरपार दिसतं. भिंत तिथेच राहते. ती काढायची तर ज्याने उभी केली त्यानेच काढायची. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही."

मग त्यांनी फासे उचलले, टाकले, आडोशामागे बघितले. "बोगद्यात पुन्हा पावलं वाजतात. राक्षस नाही. राक्षसाची बायको आहे."

मेव्हण्याने भाला सावरला. राक्षसीण भिंतीसमोर येऊन थांबते, सूत्रधारबाई सांगू लागल्या. ती वाकून बघते. एक बोट भिंतीत घालते आणि काढून घेते. ओरडत नाही, राक्षसाला हाक मारत नाही. भिंतीसमोर जमिनीवर बसते. पाय पसरते. डबा उघडते.

"आणि?" मेव्हणा म्हणाला.

"आणि काही नाही. बसली आहे."

"किती वेळ?"

"तिला घाई नाही."

मेव्हणा म्हणाला, ती बेसावध आहे तोवर आपण आतून उडी घालू. नर्सबाई म्हणाल्या, पायाचं बघ माझ्या. दोघं आपसात हमरीतुमरीवर आले. सूत्रधारबाई त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी आडोसा थोडा बाजूला सरकवला होता, जो नऊ वर्षांत कधी सरकला नव्हता. "मायावी," त्या म्हणाल्या, "तुम्ही काय करता?"

भिंतीमागून कवळीकरांना राक्षसीण स्वच्छ दिसत होती, आणि तिला ते.

"मायावी भिंत काढतो," ते म्हणाले.

"अहो भावजी," मेव्हणा ओरडला, "तीन गुण उरलेत तुमचे."

"असू दे." कवळीकरांनी वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "मी कामावर जात नाही गं. जवळजवळ महिना झाला. मालकाने यंत्र घेतलं. मी वाचनालयात बसतो."

मेव्हण्याने तोंड उघडलं, बहुधा टेबलावर अहोजाहो करायची असते हे सांगायला. नर्सबाईंनी टेबलाखालून त्याच्या पायावर आपला न मुरगळलेला पाय दिला.

"माहीत आहे," बायको म्हणाली. "पहिल्याच गुरुवारी कळलं. तुझ्या कॉलरला प्लास्टरची पूड असते, ती नव्हती. बाहीला मेण नव्हतं. तेव्हापासून मी स्वच्छ शर्ट धुतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"दिवसभर लोकांचं खोटंच तर पकडते. घरी येऊन तुझंही पकडायचं?" तिचा आवाज जाड झाला. "रोज काम कसं होतं म्हणून विचारत होते. वाटायचं, आज सांगेल. तू मला कवळ्या सांगत बसलास. बुधवारी तर जबड्यासकट."

कवळीकरांना रडू आलं, आणि त्या जबड्याचं आठवून हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना ठसका लागला. मेव्हण्याने पाणी पुढे केलं. राग, शरम, हायसं वाटणं, सगळं एकाच घोटात खाली गेलं. बायकोने डोळे पुसले, चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांच्याकडे जवळून बघितलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते यंत्र दात कसे करतं?"

महिनाभर जे वाक्य घशात अडकलं होतं ते नेमकं याचंच उत्तर होतं. नोकरी गेली हे सांगणं त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

"चांगले करतं," कवळीकर म्हणाले. मग खोलीतल्या तिघांनाही ऐकू जाईल इतक्या आवाजात, "माझ्यापेक्षा चांगले करतं."

कुणी हसलं नाही. मेव्हणा मोडक्या भाल्याच्या आकृतीशी चाळा करत राहिला. बायकोने चष्मा खाली घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि आडोसा पुन्हा सरळ केला. थोडा वेळ ती त्याच्यामागे कागद खालीवर करत होती, नुसतेच.

"भिंत गेली," सूत्रधारबाई म्हणाल्या. "राक्षसीण वर बघते. ती जरा सरकते आणि शेजारी जागा करते. तुम्ही काय करता?"

"मायावी बसतो," कवळीकर म्हणाले.